कंसातला पाऊस

"ताई, ही मुलाखत मे महिन्यातली आहे, सिन्नरकडची. पाऊस कुठून आला?"

मुलाखती उतरवायला देणाऱ्यांचा मेसेज एवढाच होता. त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता, पण तो वाचल्यापासून दिवसभर माझं कशात मन लागेना. ध्वनिमुद्रणं ऐकून ती शब्दन्‌शब्द कागदावर उतरवून देणं हे माझं काम आहे. माणसं बोलतात ते तर लिहायचंच, पण बोलण्याच्या अधल्यामधल्या जागेत जे ऐकू येतं तेही कंसात टाकायचं असा आमचा दंडक. (हसतात.) (मागे कोंबडं आरवतं.) (मोटारसायकल जाते.) या मुलाखतीत एक आजी बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांगत होत्या. खडी फोडायला जायच्या, हाताला फोड यायचे, फुटायचे, की पुन्हा हातोडा. सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायच्या. "धाकटा कडंवर व्हता," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. अकरा सेकंद काहीच नाही. मग, "जाऊ द्या त्ये." त्या अकरा सेकंदांच्या जागी मी लिहिलं होतं: (थांबतात. मागे पाऊस.)

मला तो पाऊस खरोखर ऐकू आला होता. पत्र्यावर ताशा वाजवणारा नव्हे, लांबच्या शेतात ज्वारीच्या पानांवर पडावा तसा, बारीक, एका लयीतला, न थांबणारा. लिहिताना मला बरंही वाटलं होतं, हे कबूल करते. दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या बाईच्या मागे आज पाऊस पडतोय, हे कुठेतरी मनाला शांतवून गेलं होतं. आता तो मेसेज वाचल्यावर मी ती फाइल पुन्हा उघडली, त्या जागेवर आले, पाऊस आला. पॉज दाबला. आजी थांबल्या, पाऊस थांबला नाही. चार-पाच सेकंद तो तसाच पडत राहिला, मग कानात "टक्" असा एक बारीक आवाज झाला आणि सगळं एकदम कोरडं झालं. लॅपटॉपनं आतला अॅम्प्लिफायर बंद केला होता. पाऊस त्या अॅम्प्लिफायरमध्ये होता. तो पाऊस मी एका बाईच्या दुःखावर नेऊन ओतला होता.

इयरफोन नवे होते. दिवाळीत भाच्यानं दिले. आधीच्यांची वायर पिनेपाशी तुटून एक कान मुका झाला होता, आणि मी महिनाभर एका कानावर काम रेटत होते ते पाहून त्यानं चांगले शोधून आणले. पारदर्शक कवच, आत तांब्याच्या केसासारख्या तारा दिसतात, टोकाला सिलिकॉनची मऊ टोपी, कानात घातले की घरातला पंखासुद्धा नाहीसा होतो. खोक्यावर लिहिलेलं: 16 ओहम, 112 डेसिबल प्रति मिलिवॅट. जुन्यांचं खोकं मी टाकलं नव्हतं, त्यावर 98 होते. आकडे बघून फारसा फरक वाटत नाही, पण डेसिबलचा हिशेब वेगळा असतो, दर 10 ला शक्ती दहापट होते. 14 चा फरक म्हणजे जुन्यांना जेवढी वीज लागायची तिच्या पंचविसाव्या हिश्शात हे तेवढाच आवाज काढतात. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, सेन्सिटिव्हिटी जास्त म्हणजे भारी असतात ते." सगळे असंच समजतात. खोक्यावर तो आकडा कौतुकानं छापलेला असतो. कशाला जोडल्यावर तो गुण ठरेल आणि कशाला जोडल्यावर दुखणं, हे मात्र खोक्यावर कुठेच नसतं.

दुखणं असं. प्रत्येक अॅम्प्लिफायर स्वतःचा एक "स्स्स" करतच असतो. तारेतले, विजेला अडवणाऱ्या रेझिस्टन्समधले इलेक्ट्रॉन नुसत्या उष्णतेनं धक्काबुक्की करत असतात, त्याचाही आवाज होतो. बेल लॅब्जमधल्या जॉन जॉन्सननं तो मोजून 1928 मध्ये मांडला. गाणं लावा, लावू नका, व्हॉल्यूम वर करा, खाली करा, तो तेवढाच राहतो. जुने इयरफोन बिचारे इतके जड कानाचे होते की तो त्यांच्यापर्यंत पोचायचाच नाही. नव्यांना तो पोचतो, आणि ते प्रामाणिकपणे मला सांगतात. दुसरी अडचण व्हॉल्यूमची. मी काम करते रात्री अकरानंतर, नाशिकच्या सिडकोतलं घर, पातळ भिंती, सगळीकडे निजानीज. त्या शांततेत लॅपटॉपचं बटण एकदा दाबलं की आकडा 0 वरून 2 वर जातो, आणि 2 लाच माणूस कानाशी येऊन बोलायला लागतो. 0 म्हणजे काहीच नाही. 100 पर्यंत जाणाऱ्या जिन्यात मला लागणारी पायरी नेमकी या दोहोंच्या मध्ये होती. मग प्लेअरमधला आवाज निम्म्यावर आणला, पाव केला. आजींचा आवाज खाली गेला, पाऊस होता तिथेच राहिला. म्हणजे जेवढं हळू ऐकायला जावं तेवढा माणूस पावसात बुडत जाणार. "मग आवाज थोडा कमी ठेवायचा" असा सल्ला मला तीन जणांनी दिला, तिघांनाही हे नीट समजावता आलं नाही.

आणि हे सगळं मला आधीपासून माहीत होतं असं का वाटत होतं, ते दोन दिवसांनी कळलं.

अण्णा, माझे वडील, दुपारी जेवायला बसले होते. मी ओट्याशी उभी राहून विचारलं, "अण्णा, कढी वाढू?" उत्तर नाही. "कढी वाढू का?" मान वर, कपाळाला आठी, "काय म्हणालीस?" मग मी आवाज चढवला, आणि ते ताटावरून दचकले. "ओरडतेस कशाला! बहिरा नाही मी." हा संवाद आमच्या घरात किती वर्षं चालू आहे, मोजलेला नाही. आधी ऐकू येत नाही, मग एकदम सहन होत नाही. मधलं काहीच नाही. 0 आणि 2.

अण्णांनी सातपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर 31 वर्षं काढली. पत्रा खाली, डाय वर, धाड्. पत्रा सरकव, धाड्. कानात कापसाचे बोळे घालायचे, तेही फोरमन हाक मारेल तेव्हा ऐकू यायला हवं म्हणून अर्धेच. संध्याकाळी घरी आले की तासभर ते कुणाशी बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं चिडलेत. आता कळतं, त्या वेळी त्यांच्या कानात कापूस नसूनही कापूस असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो निघून जायचा, मग पुन्हा शिफ्ट. असं करत करत एक दिवस तो निघालाच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालेल, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करत जा. त्या हिशेबानं अण्णांच्या शेडमध्ये आठवड्याचा वाटा किती वेळात संपत असेल, हा विचार मी एकदा करायला घेतला आणि सोडून दिला.

घरात मोठ्यानं बोलायची सवय त्यातूनच लागली. मला तर फारच. आई मला "नारोशंकराची घंटा" म्हणायची. नाशकात खणखणीत आवाजाच्या माणसाला हेच नाव मिळतं. नदीकाठच्या त्या देवळाच्या दारावरची घंटा वसईच्या स्वारीतून आलेली, पोर्तुगीजांची, तिच्यावर 1721 साल आहे. लहानपणी मी खालून तिच्या पोटात बघत उभी राहायचे आणि ही वाजली तर काय होईल या कल्पनेनंच कानावर हात ठेवायचे. शाळेत बाई म्हणायच्या, "हळू बोल गं, आम्ही इथेच आहोत." मला हळू बोलणं म्हणजे नेमकं किती, ते कळायचंच नाही. घरी वापरलं जाणारं सगळ्यात खालचं माप शाळेतल्या मापाच्या वरच होतं.

मापावरून आठवलं. पुराच्या दिवसांत अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून गोदाकाठी न्यायचे. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळं गाव नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला लोटतं. घोट्याला पाणी, गुडघ्याला पाणी, कमरेला लागलं, छातीला आलं. आमच्या शहराचा पूर असाच मोजला जातो. 2016 च्या ऑगस्टमध्ये मारुती दिसेनासा झाला तेव्हा क्युसेक्सचे आकडे बातम्यांत येत होतेच, पण घराघरांत निरोप गेला तो मारुतीचाच. अण्णा मात्र एक निराळी गोष्ट सांगायचे. म्हणायचे, "मारुतीच्या पायाखालच्या पाण्याला माप नाही. लोक पाणी पायाला लागलं की मोजायला लागतात. त्याच्या खाली नदी किती तऱ्हांची असते ते बघ." आणि खरंच, उन्हाळ्यात ते मला तिथेच न्यायचे. दगडांमधून झिरपणारी एक धार, तिचा वेगळा आवाज, पायरीवर आपटून परत फिरणाऱ्या पाण्याचा वेगळा. कपडे धुणाऱ्या बाया थांबल्या की हे सगळं एकदम ऐकू यायचं. त्या वेळी अण्णांना ते ऐकू येत होतं. त्यांच्याच बोटानं मी ऐकायला शिकले.

म्हणून मला त्या पहिल्या पायरीचा एवढा राग आला असावा. माझं सगळं काम मारुतीच्या पायाखालचं आहे.

रविवार कारंज्यापाशी एका बोळात एक मेकॅनिक बसतात. रेडिओ, टेपरेकॉर्डर, आता मिक्सर आणि इस्त्र्याही. त्यांच्याकडे इयरफोन आणि सगळी तक्रार घेऊन गेले. दुकानाला गरम राळेचा वास, टेबलावर कथलाचे मणी सांडलेले. त्यांनी ऐकून घेतलं, स्वतः कानात घातले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ताई, हे बिघडलेलं नाही. ह्याला जास्तच कळतंय. मध्ये रेझिस्टन्स टाकून देतो." जुन्या वायरीचा एक तुकडा घेतला, एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि मधे दोन्ही कानांना 100 ओहमचा एकेक रेझिस्टन्स. घरी येऊन लावला तर पाऊस जवळजवळ गेला, व्हॉल्यूमला पायऱ्या मिळाल्या. पण आजींचे स आणि श टोचायला लागले, सुईसारखे. दुसऱ्या दिवशी परत गेले. त्यांनी मान हलवली, म्हणाले त्यांनाही तीच शंका होती. या इयरफोनच्या आत धातूची इवलीशी जीभ हलते आणि ती पडद्याला हलवते, बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात त्याला, आणि तिचा अडसर सगळ्या सुरांना सारखा नसतो. खोक्यावरचे 16 ओहम एका ठरावीक सुरापुरते. वर जावं तसा तो वाढत जातो. मध्ये मोठा रेझिस्टन्स एकटाच घातला की खालचे सूर जास्त अडतात, वरचे कमी. आवाज नुसता हळू होत नाही, त्याची चव बदलते.

मग त्यांनी दुसरी जोडणी केली, आणि ती करताना मला शेजारी स्टुलावर बसवून दाखवली. एका कानाला दोन रेझिस्टन्स. 22 ओहमचा वाटेत आडवा, आणि 2.2 ओहमचा इयरफोनच्या दोन टोकांना बिलगून. विजेचा बहुतेक सगळा दाब पहिल्यावरच उतरतो, उरलेला हलका दाब दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि इयरफोन त्या दुसऱ्याकडून घेतो. इयरफोनला समोर दिसतात ते जेमतेम 2 ओहम, त्याच्या स्वतःच्या 16 च्या आठव्या हिश्शाइतके, म्हणून चव फारशी बदलत नाही. दाब उतरतो बाराव्या हिश्शावर, म्हणजे सुमारे 22 डेसिबल. त्यांनी चिमट्यात धरून ते दोन मणी माझ्यासमोर उजेडाकडे केले. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, अंगावर रंगीत कडी. एकावर लाल, लाल, काळा. दुसऱ्यावर लाल, लाल, सोनेरी. शेवटी दोघांवरही एकेक सोनेरी कडं, ते नुसतं अचूकपणाचं. फरक काय तो तिसऱ्या कड्याचा, आणि त्यात दहापटीचा हिशेब. असे चार मणी, वर काळी नळी, ती गरम करून आवळली. पैसे किती विचारलं तर म्हणाले, "सामानाचे द्या."

रात्री लावून बसले. आता व्हॉल्यूम 24 वर आणावा लागला तेव्हा कुठे आजी नेहमीइतक्या ऐकू आल्या. 24 च्या खाली 22, 20, 18, सगळ्या पायऱ्या माझ्या. आणि पाऊस नाही. इथे एक गोष्ट मला फार उशिरा समजली: मी आधी आजींना खाली आणत होते म्हणून पाऊस वर यायचा. आता लॅपटॉपकडून आजी भरपूर जोरात निघतात, पाऊसही निघतो, आणि दोघांनाही वाटेत सारखंच अडवलं जातं. आजी तेवढं सोसून माझ्यापर्यंत येतात, पाऊस येऊ शकत नाही.

त्याच आठवड्यात अण्णांना कान तपासायला नेलं. ते कित्येक वर्षं नको म्हणत होते. तपासणाऱ्या बाईंनी तक्ता दाखवला, डावीकडून नीट चाललेली रेघ 4000 हर्ट्झपाशी खोल खड्ड्यात गेलेली. म्हणाल्या, कारखान्यात राबलेल्या माणसांचा तक्ता असाच येतो. मग मी कढीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की प्रत्येक कानात साधारण 15,000 केसपेशी असतात, त्यांतल्या बाहेरच्या रांगांमधल्या पेशींचं काम हळू आवाजाला उचलून धरायचं. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. हळू आवाज मग पोचतच नाही, मोठा मात्र पहिल्याइतकाच मोठा पोचतो. खालचं दार बंद, वरचं सताड उघडं. याला रिक्रूटमेंट म्हणतात. "तुमच्या वडिलांच्या कानाला पायऱ्या कमी उरल्यात," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ऐकण्याचं यंत्र बसवताना त्या हळू आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी उचलणार होत्या, अरुंद जिन्यात पुन्हा पायऱ्या बसवल्यासारखं. मला म्हणाल्या, "यंत्र असो नसो, आवाज चढवू नका. जवळ जा, चेहरा दिसू द्या, मग बोला." निघताना अण्णांनी स्वतःहून विचारलं, रात्री कानात रातकिडे ओरडतात, त्याचं काय. मला हे माहीतच नव्हतं. "कधीपासून?" मी विचारलं. "प्रेसवर होतो तेव्हापासून," ते म्हणाले. "तुझा जन्म व्हायचा होता."

माझा पाऊस एका महिन्याचा होता आणि तेवढ्यानं मी कासावीस झाले होते. पॉज दाबला की चार सेकंदांनी "टक्" होऊन थांबायचा तरी.

यंत्रानं सगळं ठीक झालं असं नाही. भाजीवाल्याचे "साठ" आणि "आठ" आता त्यांना वेगळे ऐकू येतात, पण स्टीलची भांडी घासायला घेतली की ते यंत्र काढून ठेवतात. गल्लीत ढोल लागले तेव्हा सकाळपासूनच डबीत होतं. संध्याकाळी सातच्या पुढे ते कानात असत नाही, "थकतो मी ऐकून" म्हणतात. मी आग्रह करत नाही. मलाही सलग तीन तास इयरफोन घातले की नंतर कशाचाच आवाज नकोसा होतो.

आजींची फाइल मी काल पुन्हा पहिल्यापासून ऐकली. ते अकरा सेकंद दहा-बारा वेळा. पाऊस निघून गेल्यावर तिथे काहीच नसेल असं मला वाटत होतं. तिथे काचेच्या बांगड्या होत्या. मनगटावरून कोपराकडे सरकलेल्या, मग परत खाली, दोनदा. हात उचलला असेल, चेहऱ्याकडे नेला असेल. ते मला दिसलेलं नाही, म्हणून लिहिता येत नाही. त्यानंतर एक आवंढा, अगदी पुसट, 30 वर नेला तेव्हा कळला. तो लिहावा का यावर बराच वेळ अडले. लिहिला नाही. पाऊस खोडला आणि लिहिलं: (थांबतात. बांगड्या वाजतात.) चूक कशी झाली तेही सविस्तर कळवलं आणि त्याच महिन्यात केलेल्या बाकीच्या चार मुलाखती परत मागवून घेतल्या. त्यातल्या एकीत मी "मागे वारा" असं लिहिलेलं आहे.

काम थांबवलं तेव्हा पावणेबारा झाले होते. पुढच्या खोलीत दिवा चालू होता. अण्णा खुर्चीत जागेच, यंत्राची डबी खिडकीत. "अण्णा," मी दारातूनच म्हटलं, नेहमीच्या आवाजात. त्यांची पाठ होती. दुसरी हाक ओठांवर आली होती, घंटेची. ती गिळली, चालत त्यांच्या समोर गेले, खाली बसले आणि गुडघ्यावर हात ठेवला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "बोल," ते म्हणाले.